नऊ नंबरचे दाजी

कासारवाडी,
गुरुवार, सुट्टीचा दिवस

ती. दाजी यांना,

कासारवाडीहून ज्योतीरामचा उभ्याउभ्या नमस्कार. (वाकून करणार होतो, पण वाकून सरळ होताना सगळा भार टाचेवर येतो आणि तोंडातून नको तो शब्द जातो. वडीलधाऱ्यांना केलेल्या नमस्कारात तो बरा दिसत नाही.) तुमची तब्येत, ताईची तब्येत, तुमचं दूध संकलन केंद्र, दारातली म्हैस, सगळं क्षेमकुशल असेल अशी आशा करतो. आमच्याकडं दुर्गा मजेत आहे, योगिनी कॉलेज आणि मोबाइल दोन्ही नेमानं करते आहे, आणि मीही मजेत आहे असं लिहायची पद्धत असल्यामुळं तसं लिहितो. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोन केला होता, दाजी. तुम्ही नेहमीप्रमाणं "हां, बरं, बरं, घे, ताईशी बोल" एवढं बोलून फोन ताईच्या हातात दिलात. पंचवीस वर्षांत फोनवर तुमच्या तोंडून याहून मोठं वाक्य मी ऐकलेलं नाही. पत्र काही तुम्हाला मधेच ताईच्या हातात देता येणार नाही (दिलंत तरी चष्मा तुमच्याकडंच असतो).

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल आणि तुमच्या कपाळावर आठी चढेल. यंदा कंपनीचे बूट तुम्हाला येणार नाहीत. पुढच्या वर्षीही येणार नाहीत. एवढं वाचून पत्र फाडावंसं वाटेल, पण जावयाच्या मानाचा आणि मेव्हण्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे, तेव्हा फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा.

आता हे बूट प्रकरण तुम्हाला नवं नाही, पण त्याची माझ्या बाजूची हकीकत तुम्हाला ठाऊक नाही. मी चाकणच्या कंपनीत कायम झालो आणि पहिले सेफ्टी बूट मिळाले, तेव्हा ते मी सात नंबरचे, म्हणजे माझ्या मापाचे, घेतले होते. त्याच महिन्यात तुम्ही आमच्याकडं आला होता. दारातले बूट तुम्ही उचलून बघितले, पुढचं लोखंड बोटानं वाजवून बघितलं, पाय घालून बघितला (गेला नाही), आणि परत ठेवताना नुसतं "चीज आहे" म्हणालात. बस्स. पुढच्या वर्षी स्टोअरच्या खिडकीवर खंडूनं नंबर विचारला आणि मी नऊ सांगितला. तेव्हापासून दरसाल तेच. यात माझा काही मोठेपणा नाही. आमच्या अख्ख्या शॉपमध्ये कंपनीचा बूट ज्याच्या नावावर येतो त्याच्या पायात कधी जात नाही. कुणाचे सासरे, कुणाचा भाऊ, कुणाचा गावाकडचा मामा. खंडू आम्हाला नावानं कमी आणि पाहुण्याच्या नंबरानं जास्त ओळखतो. स्वतःच्या पायासाठी मग आम्ही चौकातल्या रस्त्यावरच्या ढिगातून मिळेल ती वापरलेली जोडी घेतो. सात मिळाली तर सात, नाहीतर आठ, आणि आत दोन मोजे. तुम्ही मात्र ते बूट नुसते घातले नाहीत, गाजवले. केंद्रावर तेच, ग्रामसभेला तेच, आणि पुतण्याच्या वरातीत तेच घालून नाचलात तेव्हा बँडवाल्याच्या अंगठ्याचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. मला त्याचा किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू. माझा दाजी माझ्या कंपनीचे बूट घालून हिंडतो, हे मी कँटीनमध्ये विनाकारण सांगत असे.

(जरा उठून गॅलरीत फेरी मारून आलो. सोमवारपासून माझं एका जागी बूड टेकत नाही. दुर्गा म्हणते, तुम्ही बसा तरी, नाहीतर जा तरी, हे दारात उभं राहणं बंद करा. कारण पुढं येईलच.)

तर टाच. दिवाळीनंतर माझी उजवी टाच धरली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की अशी कळ यायची की मी भिंतीला हात लावून देवाचं आणि सुपरवायझरचं नाव एकदमच घ्यायचो. थोडं चाललं की टाच मोकळी व्हायची, बसलं की पुन्हा धरायची. म्हणून मी बसणंच सोडलं. मूळचीच माझ्या पायाला भिंगरी, त्यात हे निमित्त. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, टीव्ही येरझाऱ्या घालत. कंपनीत तर तपासणीच्या टेबलाशी सिमेंटच्या जमिनीवर अख्खी शिफ्ट उभं राहायचं. उपाय सगळ्यांनी सुचवले. शेजारच्या कौशल्याबाईंनी रुईचं पान गरम करून बांधलं (पायाला खाज सुटली, टाच होती तिथंच). दुर्गानं बर्फाची बाटली पायाखाली फिरवायला लावली, तिच्यावरून मी घसरलो. मग तिनं काटेकाटे असलेल्या रबरी चपला आणल्या, रक्त खेळतं म्हणून. त्या घालून मी दोन दिवस घरात असा चाललो की खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, वर काही कार्यक्रम आहे का.

शेवटी योगिनी म्हणाली, पप्पा, नीट बूट घ्या. तिनं मोबाइल काढला, चांगल्यापैकी गुबगुबीत बूट शोधले आणि विचारलं, नंबर? मी डबा भरत होतो. तोंडातून आपोआप निघालं, नऊ. दाजी, विचार करा. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या पायाला, आयुष्यात पहिल्यांदा भारी बूट घेतोय आणि नंबर तुमचा सांगतोय! बूट म्हटलं की नऊ, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. बूट आले. घातले. आत पाय असा फिरत होता की वळायचं तर आधी मी वळायचो आणि मग बूट वळायचे. दुर्गा म्हणाली, मोठे आहेत. मी म्हणालो, याला मोकळेपणा म्हणतात, पायाला हवा लागते, आजकाल असेच असतात. चूक कबूल करण्यापेक्षा मी तसेच घालून फिरायला निघालो. कासारवाडी स्टेशनच्या पुलाचा जिना उतरताना उजवा बूट पायातून निघाला आणि माझ्या आधी खाली पोचला. एका भल्या माणसानं तो वर आणून दिला, आतला नंबर बघितला, माझा पाय बघितला, आणि काही न बोलता निघून गेला. त्याच्या न बोलण्यानं मला फार लागलं.

मग पिंपरीच्या डॉक्टर श्रद्धा मॅडमची वेळ घेतली. त्यांच्याकडून निरोप आला, रोज वापरता ते सगळं पायताण बरोबर आणा. सगळं म्हणजे सगळं, असं समजून मी रेशनच्या पोत्यात कंपनीतले जुने बूट, ते नऊ नंबरचे गुबगुबीत, काटेरी चपला, बाथरूमची स्लिपर आणि लग्नाकार्यात घालायची चामडी चप्पल असं भरून दवाखान्यात गेलो. नंबर यायला वेळ होता आणि मला बसवत नव्हतं, म्हणून पोतं घेऊन दवाखान्यात येरझाऱ्या घालत होतो. दोन बायकांनी मला थांबवून चामड्याच्या चपलेचा भाव विचारला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर स्लिपर पायात घालून बघितली आणि ठीक आहे म्हणून घालूनच आत तपासायला गेले. ती मिळवायला मला त्यांच्या मागं आत जावं लागलं, आणि अशा रीतीनं माझा नंबर न येताच मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो.

मॅडम भल्या. त्यांनी पोत्यातलं एकेक पायताण काढून धुणं पिळतात तसं पिळून बघितलं. गुबगुबीत बूट मधोमध घडी होऊन त्यांच्या मुठीत बसला, तेव्हा त्या नुसत्या हसल्या. बूट बोटांपाशी वाकावा, मधे वाकू नये, आणि टाचेच्या मागची भिंत दाबली तर दबू नये, असं त्यांनी मला शिकवलं. मग नंबर विचारला. दाजी, मी पुन्हा नऊ म्हणालो! त्यांनी माझा पाय मापला. डावा सात, उजवा साडेसात. कागदावर लिहून त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला सगळी हकीकत सांगणं भाग पडलं. तुम्ही, खंडू, रस्त्यावरचा ढीग, दोन मोजे. त्या खूप हसल्या. मला बरं वाटलं, माणूस हसला की मी आणखी रंगवून सांगतो, तेव्हा बँडवाल्याचा अंगठाही सांगितला. मग त्यांनी सहज विचारलं, दाजींचं वय काय, शुगर वगैरे आहे का? मी म्हणालो, आहे की, दहाबारा वर्षं झाली, पण गोळीही घेतात आणि जिलेबीही घेतात. त्यावर त्या हसायच्या थांबल्या. त्यांनी आणखी काही प्रश्न विचारले. ते मी नंतर लिहितो, आत्ता नको.

(पुन्हा फेरी मारून आलो. या वेळी खाली फाटकापर्यंत.)

दुकानाचं सांगतो. चिंचवडला मोठ्या दुकानात गेलो, दुर्गा बरोबर. मॅडमनी सांगितलं होतं की संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. रोजचे मोजे घालून जा. दोन्ही पायांत घालून बघा आणि जो पाय मोठा त्याच्या मापानं घ्या, उभं राहिल्यावर पुढं अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. आणि दुकानातच भरपूर चालून बघा, नंतर सैल होईल या भरवशावर घट्ट बूट घेऊ नका. यातलं चालणं मला फार आवडलं. विकी नावाचा चांगला मिशीवाला विक्रेता होता. त्यानं पहिला बूट काढला तो इतका मऊ की पाय शिऱ्यात रुतल्यासारखा आत गेला. मी तो पिळला. विकी म्हणाला, काका, घ्यायच्या आधी नका ना पिळू. दुसरा पिळला, तिसऱ्याची टाच दाबली, चौथा वाकवला. पाचवा कुठंच दबेना, फक्त बोटांपाशी वाकला. तो घालून मी चालायला लागलो. दुकानाला एक चक्कर, बायकांच्या विभागातून दुसरी, गोदामातून तिसरी. टाच काही बोलत नव्हती, दाजी! कितीतरी महिन्यांनी टाच गप्प होती. त्या आनंदात मी दारातून बाहेर पडलो, पार्किंग ओलांडलं, आणि रस्त्यापर्यंत गेलो तेव्हा मागून सिक्युरिटीवाला पळत आला. त्यानं मला दंडाला धरून परत आणलं. विकी हात जोडून म्हणाला, "काका, एकदाचं ठरवा. घेणार आहात का नुसते चालणार आहात?" घेतले. काळेकुट्ट, रुंद तोंडाचे, शोभेचं नाव नाही. दुर्गा म्हणते पीटीचे मास्तर दिसता. दिसेना का, सकाळी भिंत धरावी लागत नाही.

आता सोमवारचं. कंपनीत नव्या बुटांचं वाटप निघालं. मॅडमनी बजावलं होतं की दिवसातला जास्त वेळ ज्या बुटात जातो ते मापाचे नसतील, तर बाकीच्या वेळचे कितीही चांगले घ्या, उपयोग नाही. मी स्टोअरच्या खिडकीवर गेलो. खंडूनं न विचारताच नऊचा खोका पुढं सरकवला. मी म्हणालो, साडेसात दे. खंडू माझ्याकडं बघतच राहिला. खोका त्यानं हळूच मागं घेतला. डोक्यावरची टोपी काढली. आणि म्हणाला, "कधी गेलं रं दाजी? कळवायचं तरी भावा. आमी काय परकं हाय व्हय?"

दाजी, मला आधी कळेचना. मग कळलं. आमच्याकडं पाहुण्याचा नंबर एकाच कारणानं बंद होतो. गेल्या वर्षी मारुतरावांनी आठ सोडून सहा घेतला, तो त्यांचे सासरे वारल्यावर. मी ताबडतोब म्हणालो, अरे नाही, दाजी ठणठणीत आहेत, माझी टाच दुखते. पण खंडूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि असं असतंच, धक्का बसला की माणसाला खरं वाटत नाही, असं काहीतरी पुटपुटला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शॉपला कळलं होतं. कँटीनमध्ये माझ्या ताटातली भाजी लोक स्वतः वाढत होते. पेंट शॉपचा धम्मरत्न, जो एरवी माझ्याशी फक्त भांडतो, त्यानं येऊन हात हातात घेतला आणि म्हणाला, "बँडवाल्याचा किस्सा तू सांगायचास ना, राव, काय दिलदार माणूस होता." होता म्हणाला. मी हसत हसत त्याला सांगायला लागलो की गैरसमज झालाय, आणि मला सांगता येईना. मी ताट तसंच सोडून बाहेर आलो आणि गाड्यांच्या स्टँडपाशी फेऱ्या मारत राहिलो. शिफ्ट सुटेपर्यंत सगळ्यांना एकेक गाठून सांगितलं की दाजी जिवंत आहेत, उत्तम आहेत, आत्ता दूध मोजत असतील. पण तेव्हापासून हे असं, बसवत म्हणून नाही.

तर दाजी, बूट न येण्याचं कारण हे असं आहे. माझी टाच. मेव्हण्याच्या टाचेसाठी तुम्ही एवढं पोटात घालाल अशी खात्री आहे. ताईला नमस्कार, म्हशीला कुरवाळणं, आणि रागावलात तरी रागाचं दोन ओळींचं उत्तर जरूर पाठवा.

तुमचा, पायांनी आणि मनानं अस्थिर,
ज्योतीराम

ता. क. वर कारण म्हणून टाच लिहिली आहे ते खोटं आहे. टाच सुधारली, आणि तुमच्यासाठी मी सुखानं आणखी दहा वर्षं दोन मोजे घातले असते. मॅडमनी मला विचारलं होतं की दाजींना पायाच्या बोटांना स्पर्श कळतो का, आणि रात्री पाय धुताना ते तळवे बघतात का. मी म्हणालो, माहीत नाही. त्या म्हणाल्या, शुगरवाल्याला बूट लागला तरी कळत नाही, आणि लोखंडी तोंडाचा घट्ट बूट तर शुगरवाल्या शत्रूलाही देऊ नये. सोमवारी स्टँडपाशी फेऱ्या मारतानाच मी ताईला फोन केला. ताईवर ओरडू नका, मीच शपथ घातली. तिनं सांगितलं की तुमच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली आहे, मोज्याला रक्त लागलेलं तिनं दोनदा बघितलं, तुम्ही ते शेतातली माती आहे, दुखत तर मुळीच नाही म्हणालात आणि कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद दिलीत. आणि दोन वर्षांपासून नऊ नंबर तुम्हाला होत नाही, पाय सुजतात, तरी चमच्यानं टाच आत ढकलून घालता, का तर ज्योतीरामनं पाठवलेत. दाजी, हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. तो बूट मी पाठवला होता. ती करंगळी दुखत नाही याचाच मला जास्त घोर लागलाय.

ता. क. दुसरा. मॅडमची येत्या सोमवारची वेळ तुमच्या नावानं घेतली आहे. मग चिंचवडला विकीकडं जाऊ, तुमच्या पायाला मऊ, रुंद आणि आतून शिवण न टोचणारे बूट बघू, मी पिळून देईन, तुम्ही चालून बघा. तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक आहे. केंद्र कोण बघणार, म्हशीचं काय, एवढ्याशा करंगळीला कोण पुण्याला जातं, हे सगळं तुमच्या आवाजात मला इथं ऐकू येतंय.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. मघाशी सगळ्यांना सांगितलं असं लिहिलं, ते साहेब सोडून. तुमच्या दिवसकार्यासाठी साहेबांनी स्वतः बोलावून मला रजा मंजूर केली, खांदा थोपटला, आणि मी खाली मान घालून ती घेतली. हे पत्र आज रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतोय, शनिवारी सकाळच्या एसटीनं मी स्वतः येतो आणि तुम्हाला घेऊनच परततो. कपडे भरून ठेवा, आणि तोवर ते बूट पायात घालू नका. या कारणासाठी साहेबांकडं पुन्हा जायची वेळ माझ्यावर आणू नका, दाजी, हात जोडतो.